काढून ठेवलेलं घड्याळ

दारापाशी तिनं मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरतानाची सवय. माइक टिकटिकसुद्धा पकडतो. ही तर मावशीची झोपायची खोली होती. हातांना ते कळलं नाही.

"एवढा कसला विचार करतेस?" मावसभाऊ कुजबुजला. त्याच्या हातात सूपची वाटी होती, पुन्हा गरम करून आणलेली. "जाहिरातीत साबण विकायला पोपटाचा आवाज काढतेस, गाढवाचा काढतेस. माझ्या आईसाठी तुझ्या आईचा काढ की."

"ओळखेल ती."

"दिसतंय कुठे तिला? तुझी आई गेली म्हणून सांगितलं, की तेवढ्यापुरतं कळतं. मग पुन्हा तेच. धाकट्या बहिणीला बोलवा, तिच्याच हातून खाईन. कालपासून पोटात काही नाही. डॉक्टर म्हणतात, आजही खाल्लं नाही तर नळी घालू."

वाटी तिच्या हातात आली. ती गॅलरीपर्यंत गेली, दारापर्यंत परत आली, पुन्हा गेली. सूप हिंदकळत होतं. आई गेल्यापासून ती दुकानदाराशी नर्सच्या आवाजात बोलत होती, शेजारणीशी बातम्या देणारीच्या. स्वतःचा आवाज ओठांपर्यंत आणायची छाती होत नव्हती.

आई म्हणायची, "गळा देवाचा. तुला नुसता वापरायला दिलाय. आधी त्याला विचार, मग तोंड उघड. आणि विचारलंस तर उत्तराला थांब जरा. बेल वाजवून पळणाऱ्या पोरांसारखं करू नकोस."

देवा, काढू का आवाज? तिनं विचारलं.

फ्रिज घुरघुरला. भावानं घसा खाकरला. मौन म्हणजे संमती, असं सोयीनं ठरवून ती आत शिरली.

"ताई, ऊठ बघू. माझी शहाणी ती. दोन घोट घे."

आवाज हुबेहूब आला. इतका, की तिच्याच अंगावर काटा उभा राहिला.

भिंतीकडे तोंड केलेली मावशी कुशीवर वळली. तिचा हात चाचपडत आला आणि मनगटावर थांबला.

"घड्याळ कुठाय?"

तिनं पर्सकडे पाहिलं.

"तुझ्या आधी तुझी टिकटिक येते खोलीत. आज आली नाही, तेव्हाच म्हटलं, पोरगी काहीतरी सोंग आणतेय." मावशीनं दम घेतला. "आणि धाकटी मला जन्मात कधी शहाणी म्हणाली नाही. मठ्ठ म्हणायची."

दारात भाऊ फस्सकन हसला आणि लगेच ओशाळला.

"आता तू बोल," मावशी म्हणाली. "कुठाय ती?"

जिभेवर आवाजांची झुंबड उडाली. नर्सचा, बातम्यांचा, गोष्टीतल्या म्हातारीचा. देवा, यातला कुठला? पाय पळायला बघत होते. या वेळी ती थांबली.

मग जो आला तो घोगरा होता, मधेच फाटलेला. कुणी रेकॉर्ड करून घेतला नसता.

"आई गेली गं, मावशी."

मनगटावरची पकड घट्ट झाली.

मग मावशीनं आ केला.