शेजारची कॉट

बावीस वर्षांपूर्वी सलाइन लावताना शीर सापडली नाही, म्हणून मेट्रनबाईंनी तिला, तेव्हाच्या शिकाऊ नर्सला, भरल्या वॉर्डात विचारलं होतं, "हात आहेत की लाकडं?" पेशंटसुद्धा हसले होते. तो घाव तिने जपून ठेवला होता. आता मेट्रन ती होती, आणि निवृत्त झालेल्या त्याच बाई खुब्याचं हाड मोडून तिच्याच वॉर्डात आल्या होत्या.

तिने त्यांची सेवा चोख ठेवली. फक्त शिकाऊ मुलींना शिकवायला ती रोज मुद्दाम बाईंच्या शेजारच्या कॉटपाशी उभी राहू लागली. कुणाला शीर सापडली नाही की तिचा हात धरून हळूच म्हणायची, "घाबरू नकोस. माझंही चुकायचं. पुन्हा बघू."

मुली भराभर शिकत होत्या. बाई डोळे मिटून पडलेल्या असायच्या, पण कान उघडे आहेत हे ती ओळखून होती.

आठव्या दिवशी बाई म्हणाल्या, "मला दुसऱ्या कोपऱ्यात हलव गं."

"का, बाई? त्रास होतोय?"

बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मलाही असं शिकवता आलं असतं."


तिने त्यांचं पांघरूण नीट केलं, उशी सरळ केली आणि पुढच्या मुलीला शेजारच्या त्याच कॉटपाशी हाक मारली.