साधं पाणी
दुबईत करामामधल्या फ्लॅटच्या खिडकीला फॉइल चिकटवलेलं होतं. आत कपाटात, ट्यूबलाइटखाली, चोरून लावलेलं गांजाचं झाड कापणीला तयार होतं. “आजच कापून खलास करू. सापडलो तर जन्म तुरुंगात जाईल,” मधू म्हणाला. “कापण्याआधी आठ दिवस साधं पाणी देऊ. खत धुऊन निघतं, नेटवर वाचलंय,” म्हणत रूममेट रणजितने बाटलीतलं पाणी मुळाशी ओतलं. एसी बंद, पंखा बंद, तरी झाड शेंड्यापर्यंत थरथरलं. मधू मागे सरला. गावी देवीच्या जत्रेत बोकडाच्या मानेवर असंच पाणी ओतून सगळे वाट बघायचे. बोकडाचं अंग थरथरलं, की देवीने बळी स्वीकारला; मगच कोयता उठायचा. “घाबरलास, हबीबी?” रणजितने हसत उरलेलं पाणी मधूच्या मानेवर शिंपडलं. मधूने स्वतःला आवळून धरलं, तरी अंग थरथरलंच. कपाटातलं झाड आता शांत होतं. दाराची बेल वाजली.