थांबवणारी हाक

समर्थचा हात अजून ऊन होता. यंत्राबरोबर छाती वरखाली होत होती. पण डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं, मेंदू संपलाय, आता तो परत येणार नाही.

आदल्या दिवशी हातखंब्याला ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं होतं. हर्षद आणि दर्शनाला खूप वर्षांनी झालेला हा एकुलता मुलगा.

हर्षद रत्नागिरीतल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. बायबलमधल्या अब्राहामाच्या कसोटीवर तो नेहमी उपदेश करायचा. देवाने मुलगा बळी म्हणून मागितला, अब्राहामाने का म्हणून विचारलं नाही. सुरी उचलली, तेव्हा वरून हाक आली, थांब. ती हाक येतेच, असं त्याने कितीतरी आजाऱ्यांच्या खाटेशी बसून सांगितलं होतं. आता तो स्वतः ती ऐकायला बसला होता. यंत्राच्या आवाजाशिवाय काही येत नव्हतं.

सकाळी अवयवदानाचं विचारायला एक बाई आल्या. हळू बोलत होत्या. कोल्हापूरला एक मुलगी आहे, यकृत मिळालं नाही तर वाचायची नाही. बाप दवाखान्यातच राहतोय. याहून जास्त त्यांना सांगता येत नव्हतं.

"यकृत म्हणजे काळीजच ना?" दर्शनाने विचारलं.

बाईंनी मान हलवली.

हर्षद म्हणाला, थोडं थांबू या. कशासाठी, असं दर्शनाने विचारलं तेव्हा त्याने यंत्राकडे बघितलं. शेवटी तिनेच आधी सही केली. मग त्याने पेन घेतलं. त्याचा हात कोणी धरला नाही.

दुपारी समर्थला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. दाराशी हर्षदने त्याच्या कपाळावर हात ठेवला. आयुष्यभर लोकांना आशीर्वाद देताना ठेवायचा तसा.

ऊन उतरताना यकृत घेऊन अॅम्ब्युलन्स पालीच्या रस्त्याने कोल्हापूरकडे निघाली. दोघं फाटकाशी उभी राहून बघत होती. भोंगा ऐकू येईनासा झाला.

"हाक आलीच नाही," हर्षद म्हणाला.

"आली असेल," दर्शना म्हणाली. "त्या मुलीच्या बापाला."

तो तिच्याकडे वळला.

"अब्राहामाचा मुलगा वाचला, पण त्याच्या जागी झुडपात अडकलेला एडका कापला, असंच सांगता ना तुम्ही?"

त्याने मान हलवली.

"त्या एडक्यालाही आई असेल."