मागचं दार

अलाबामातल्या त्या नाट्यगृहात संध्याकाळचा खेळ फक्त गोऱ्यांसाठी होता. गाणारे चौघे मात्र काळे. मुख्य गायक क्लोव्हिसची आई त्याला ऐकायला आली, तर दारवानानं तिला परतवलं.

"मग आपणही गायचं नाही," खर्ज लावणारा थॅडियस म्हणाला.

"आई दिवसभर बसनं आलीय रे. मागचं दार उघडं ठेव, गल्लीतून ऐकेल ती."

अख्खा खेळ क्लोव्हिस त्या दाराकडे तोंड करून गायला. इतका जीव ओतून तो कधीच गायला नव्हता. टाळ्या थांबेनात, तसाच तो गल्लीत धावला. तिथे झाडूवाला एकटाच होता.

"इथे उभी होती ती माझी आई कुठे गेली?"

"तिला पोलिसांनी नेलं, बाळा. तेव्हा तुमचं पहिलं गाणंसुद्धा सुरू झालं नव्हतं."