एकदा वरून, एकदा खालून

लाकडावर कोरीवकाम करण्यात जन्म घालवलेल्या हालवारला गावानं मानपत्र दिलं, तेव्हा त्याची नजर पार गेली होती. टाळ्या ओसरल्या, लोक कॉफी आणि वॉफल्सकडे वळले, तसा तो भाचीला म्हणाला, "आंधळ्याला रंगवलेलं मानपत्र. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या. आधी हात तर फिरव, मामा," गुरो म्हणाली. "आणि गुंडाळू नकोस, तडकेल."

रंगाखाली खडू आणि सरसाचे थर देऊन तिनं नक्षी उठावाची केली होती. नक्षी त्याचीच, गावच्या लाकडी चर्चच्या दारावरची. जुन्या नॉर्स वळणाचा लांबलचक साप, एकदा स्वतःच्याच अंगावरून जाणारा, एकदा खालून. हिवाळाभर दाराशी कुडकुडत बसून तिनं तो उतरवून घेतला होता.

हालवारचं बोट शेपटीपासून निघालं, वळणं घेत मानेपर्यंत आलं आणि थबकलं.

"चुकलीस. इथं तो लागोपाठ दोनदा वरून गेलाय."

"दारावरही तसाच गेलाय, मामा. दुरुस्त करायला माझा हात धजेना. साप तुझा आहे."

हालवारचं बोट तिथंच होतं.

"दार बसवलं तेव्हापासून," तो म्हणाला, "पाद्र्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे मला सांगत आले, दार सुंदर झालंय. बघितलंस तू एकटीनं."