तिसरी दांडी

नवऱ्याचा टॉवेल परसातल्या कुंपणावर फेकलेला पाहून भामाच्या हातातला जिताडा मासा मोरीत आपटला.

"यांचा टॉवेल कोनी भायेर टाकला?"

"मी," शकू म्हणाली. शकू तिची धाकटी जाऊ. सातवी शिकलेली, आणि ते रोज एकदा तरी कळेल अशी काळजी घेणारी. "कचेरीतले साहेब जेवायला येणार आहेत. हात धुवायला मोरीवरच येतील ना? दांडीची दशा बघा."

दांडीची दशा वाईट होती, हे खरंच. शकूच्या नवऱ्यानं, धर्मराजनं, क्रॉफर्ड मार्केटातून आणून मोरीशेजारी भिंतीला ठोकलेलं ते प्रकरण. तीन चकचकीत सळ्या. ओढल्या की बाहेर, ढकलल्या की पेटीत गडप. ओले टॉवेल वाळवायला! पनवेलातलं ऊन जसं काही कुणी चोरून नेलं होतं. पण अठ्ठावन्न साली गावात कुणाच्या स्वयंपाकघरात अशी वस्तू नव्हती, म्हणून शेजारणी बघायला यायच्या आणि शकू तिन्ही दांड्या सतरांदा आतबाहेर करून दाखवायची. पहिली धर्मराजची, दुसरी शकूची, तिसरी थोरल्या दादाची, म्हणजे तुळशीरामची. भामा पदराला हात पुसायची. तिच्या दांडीचा विषय कुणी काढलाच नव्हता.

तुळशीराम रोडपालीच्या बाजूला मिठागरावर राबायचा. मिठागरावरच्या माणसाचा टॉवेल कधी पुरता वाळत नाही. कितीही धुवा, धाग्यात मीठ उरतंच आणि ते हवेतली ओल ओढत बसतं. दोन महिन्यांत तिसऱ्या दांडीचं गिलीट उडालं, खालून तांबडा गंज आला आणि आता ती अर्ध्यावर अडकायला लागली होती.

"मीठ लागलं की गंजतं, जाऊबाई. त्यांचा टॉवेल यापुढं बाहेरच राहू दे."

"मीठ लागलं म्हून भायेर?"

"हो."

भामानं विळी पुढं ओढली आणि जिताड्याची खवलं अशी काढली की भिंतीपर्यंत उडाली. त्या मिठावर धर्मराज मॅट्रिक झाला, कचेरीत चिकटला, त्याच मिठावर या बाईचं लग्न लागलं. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. पण मासा नासला असता, म्हणून तिनं आधी मासा कापला.

बाराच्या सुमारास तुळशीराम आला. पायाला, पोटऱ्यांना पांढरे ओघळ सुकलेले. त्यानं मोरीवर हात धुतले आणि न बघता तिसऱ्या दांडीकडे हात नेला. तिथं पाहुण्यासाठी कोरा टॉवेल घडी घालून ठेवला होता. त्यानं हात मागं घेतला आणि कमरेच्या पंच्याला पुसला. ओल्यानं ओलं पुसलं गेलं.

तेवढ्यात धर्मराज आत आला. "दादा, साहेब गेल्यावर जेव ना. तोवर मागं परसात बस जरा. म्हणजे… कपडे बिपडे, तुलाच बरं वाटणार नाही."

"बरं," तुळशीराम म्हणाला आणि गेलाही.

त्या 'बरं'नं भामाच्या अंगाची आग आग झाली. धाकट्यानं बोलावं तर बोलावं, पण यानं एवढ्या लवकर उठावं? आज टॉवेल गेला, मागोमाग माणूस गेला. उद्या ताटही तिकडंच जाईल आणि हा त्यालाही 'बरं' म्हणेल. तिनं फळीवरची मिठाची बरणी उचलली, परसात नेली आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही कशाला?" त्यानं विचारलं.

"राखा," एवढंच बोलून ती चुलीकडे परतली.

साहेब आले. हात धुतले, कोऱ्या टॉवेलाला पुसले, दांड्यांचं कौतुक केलं. शकूच्या तोंडावर हसू मावेना. पानं मांडली, भात पडला, त्यावर जिताड्याचं तांबडं कालवण. साहेबांनी पहिला घास घेतला. दुसरा घेताना जरा थांबले.

"कालवण सुरेख आहे. फक्त मीठ… थोडं मिळेल का?"

धर्मराजनं एक घास खाल्ला आणि त्याचे कान लाल झाले. शकू फळीवर, फळीमागं, डब्यांत शोधू लागली.

"वहिनी, मीठ कुठंय?" धर्मराजनं विचारलं.

"भायेर," भामा चुलीपाशी बसूनच म्हणाली. आवाज साहेबांपर्यंत जाईल एवढा मोठा. "मीठ घरात नाय चालत ना? दांडी गंजते. टॉवेलाशेजारी ठेवलंय, तुमच्या दादाजवल."

साहेब ताटाकडे बघत राहिले. धर्मराज उष्ट्या हातानंच उठला आणि दाण दाण परसात गेला. तुळशीराम पेरूखाली बरणी घेऊन बसला होता.

"मीठ दे, दादा. लवकर दे." धर्मराजची गावची बोली पुन्हा तोंडात आली होती. "साहेब खोलंबलेत. जीव नको खाऊ." उजवा हात खरकटा, म्हणून त्यानं डावा पुढं केला.

तुळशीरामनं घाईघाईनं बरणीत हात घातला, मूठ भरून वर काढली आणि भावाच्या तळव्यापर्यंत नेऊन थांबवली.

"हातावर नाय देत मीठ," तो कळवळून म्हणाला. "भांडन लागतं रं. वाटी घेऊन ये."

भामा मागच्या दारात येऊन उभी होती.

"द्या," ती म्हणाली. "हातावरच द्या."