खाचांची काठी

शाळा सुटल्यावर गणिताचे सर थेट रुग्णालयाच्या धुलाईघरामागे, बॉयलरच्या खोलीत आले. हातात आठवीतल्या एका मुलीची उत्तरपत्रिका होती आणि ती मुलगीच वाट दाखवत पुढे चालली होती.

"आई, सर आलेत. काठी बघायला."

बॉयलर सांभाळणारी तिची आई दाबाच्या काट्यावरची नजर न काढता म्हणाली, "या सर. एवढी वाफ चढू द्या."

प्रश्न सरांनीच काढला होता: टाकीतल्या तेलाची उंची आणि तेलाचे लिटर, यांचं नातं रेषीय की अरेषीय? त्यांच्या मते यात डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं. दर बोटाला सारखंच तेल वाढणार, आलेख सरळ रेष. सगळ्या वर्गानं तेच लिहिलं. हिनं एकटीनं लिहिलं, 'अरेषीय. आमच्या टाकीत मधे दाटी होते.' सरांनी लाल फुली मारली. ती रडली नाही की भांडली नाही. "सर, एकदा येऊन बघता का?" एवढंच म्हणाली.

आईनं बॉयलरच्या टाकीच्या तोंडातून तेल मोजायची काठी उपसली, चिंधीनं पुसली आणि सरांपुढे धरली. टाकी आडवी होती, लोळवलेल्या पिंपासारखी: मधे रुंद, खाली-वर अरुंद. प्रश्न काढताना सरांच्या डोळ्यांपुढे उभी टाकी होती. कागदावर तसं लिहायचं मात्र राहून गेलं होतं. ते खिशातली पट्टी काढून खाचा मोजू लागले. तळापासून पहिली खाच पाच सेंटीमीटरवर. दुसरी तिच्यावर तीन. मधे दीड, दीड, दीड. वर जाताना पुन्हा विरळ.

"ही कंपनीची काठी नाही."

"कंपनीची होती की. सारख्या खुणांची, दिसायला देखणी, पण थापाडी. शंभर लिटर आहे म्हणायची आणि असायचं पन्नास. दोनदा बॉयलर मधेच गार पडला, ऑपरेशनच्या चादरी ओल्या राहिल्या. बोलणी मी खाल्ली."

"मग ही कुणी करून दिली?"

"कोण देतंय? टाकी धुवायला रिकामी केली होती. म्हटलं, टाकीलाच विचारू. वीस लिटर ओतायचे, काठी बुडवायची, ओल जिथवर येईल तिथे करवतीनं खाच. पन्नास वेळा केलं."

"एकटीनं?"

"शिडी धरायला ही होती ना."

सर एकदा शिडीकडे आणि एकदा आईच्या मनगटांकडे बघत राहिले. अकरा वर्षं ते हा धडा शिकवत होते. तक्ते पुस्तकातून फळ्यावर उतरवत होते. एकदाही काही ओतून पाहिलं नव्हतं. त्यांनी उत्तरपत्रिका भिंतीला टेकवली, फुली खोडली, गुण दिले आणि खाली सही केली. मुलीनं कागदाची घडी घालून दप्तरात टाकली, हे व्हायचंच होतं अशा चेहऱ्यानं.

"ताई, मधे खाचा का दाटतात, हे कसं ओळखलंत?"

"ते कुठे ओळखलंय?" ती म्हणाली. "मी नुसतं ओतत गेले. काठी सांगेल तिथे खाच पाडली. का, ते अजून कळलेलं नाही."

सर सांगायला लागले तसं तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. काट्याकडे पाहिलं, झडप अर्धी फिरवली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग खोलीतलं एकुलतं एक स्टूल सरांकडे सरकवलं, स्वतःसाठी एक खोकं उलटं केलं आणि मुलीला शेजारी घेऊन त्यावर बसली.

"हं, सांगा आता. सावकाश सांगा. आज टाकी भरलेली आहे."